तुलनेची माती

प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला तेव्हा तो ऑफिसात डबा उघडून बसला होता. बाई सहसा फोन करत नसत. त्यांचे आकडे ईमेलनं यायचे, मागे ना पुढे नमस्कार, नुसते आकडे, आणि त्यालाही ते तसेच आवडायचे. पंधरा वर्षांत त्यानं त्यांचा आवाज मोजून चार वेळा ऐकला असेल. त्यामुळे त्या "साहेब, जेवताय का?" असं म्हणाल्या तेव्हाच त्यानं हातातला घास खाली ठेवला. "तुमच्या पिशव्यांची लेबलं अदलाबदल झालीयत का बघा जरा," बाई म्हणाल्या. "कारखान्याच्या जमिनीतल्या चाळीस पिशव्या ठीक आहेत. म्हणजे शिसं आहे, पण आटोक्यात आहे. आणि तुलनेसाठी म्हणून जी स्वच्छ माती पाठवलीत ना, एक्केचाळिसावी पिशवी, तिच्यात त्याच्या सातपट आहे. मी तीनदा लावून पाहिलं." तो म्हणाला, "लेबल चुकलं असेल, बघतो," आणि फोन ठेवून त्यानं डब्याचं झाकण पुन्हा लावलं. लेबल चुकलेलं नव्हतं. ते त्यानं स्वतः लिहिलं होतं, आईच्या घराच्या पायरीवर बसून, पिशवी गुडघ्यावर ठेवून, आणि तो लिहीत असताना आई विचारत होती की एवढ्याशा मातीचं करणार काय, तिनं कुंडी तरी भरेल का.

जमिनी तपासणं हे त्याचं काम. कारखाना बंद पडतो, मालक निघून जातो, पत्रे गंजतात, आणि मग कधीतरी त्या जागी काही नवं उभारायचं कुणाच्या तरी मनात येतं. त्याआधी कुणीतरी सही करून सांगावं लागतं की या जमिनीवर माणसांनी वावरायला हरकत नाही. ती सही त्याची. दोऱ्या लावून जमिनीच्या चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीत भोक पाडायचं, प्रत्येक भोकातली माती पिशवीत भरायची. आणि एक पिशवी बाहेरची, जिथं कारखान्याचा हात कधी पोचलेला नाही अशा जवळच्या जागेची. कारण निसर्गातल्या मातीतही सगळं थोडंथोडं असतंच. मुळात इथली माती कशी आहे हे कळल्याशिवाय कारखान्यानं ती किती बिघडवली ते कसं कळणार? ही तुलनेची माती शाळेच्या मैदानातून घ्यायची ठरली होती. पण शाळा दोन वर्षांपूर्वी बंद पडली होती आणि मैदानावर कुणीतरी ट्रक उभे करायला डांबर ओतलं होतं. शेवटचा दिवस, भोकं पाडणारी माणसं घाईला आलेली, ऊन डोक्यावर. त्याला वाटलं, आईचं अंगण आहे की. खरं तर 'वाटलं' हेही जरा जास्तच झालं, कारण विचार असा त्यानं केलाच नाही. गाडी आपोआप तिकडे वळली. आईनं चहा दिला, त्यानं हातभर खड्डा खणला, आणि फॉर्मवर लिहिलं: 'या जागेचा औद्योगिक कारणासाठी कधीही वापर झालेला नाही, अशी माझी प्रत्यक्ष माहिती आहे.' पंधरा वर्षं लोकांच्या जमिनींकडे संशयानं बघण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या अंगणाचा संशय आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तो टेबलाशी बसून राहिला. समोरच्या खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसत होती आणि तिथं एक माणूस फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होता. त्या माणसाकडे बघता बघता त्याला हातगाडीच्या चाकाचा आवाज आठवला. आठवला म्हणजे ऐकूच आला. एका चाकाला वंगण नव्हतं, ते दर फेऱ्याला कुईं करायचं. रविवार. बाबा पुढे ओढतायत, बिनबाह्यांच्या बनियनमध्ये, आणि रिकाम्या गाडीत तो बसलेला, सात वर्षांचा, दोन्ही कडा धरून. बाबा याच कारखान्यात भट्टीवर होते, आणि त्याच्या मागच्या फाटकाशी काळ्या रेतीचा डोंगर असायचा. जुन्या बॅटऱ्या फोडून, वितळवून शिसं काढलं की भट्टीत जे मागे उरायचं ते. कारखान्यानं फळ्यावर लिहिलं होतं की कामगारांनी आपापल्या घरी भरावासाठी रेती विनामूल्य न्यावी. सगळी वस्ती तुटून पडली होती. कामगारांच्या घरांपुढे तेव्हा नुसता चिखल असायचा, दारात फळ्या टाकून घरात शिरावं लागायचं, आणि इथं फुकटात कोरडी, काळी, चमकणारी रेती. उन्हात ती खरंच चमकायची. येताना गाडी भरलेली असायची म्हणून तो चालत यायचा, आणि मुठीत थोडी घेऊन डोळ्यांजवळ धरायचा. आई तेव्हा पोटुशी होती. बाबा फावड्यानं रेती पसरताना मोठ्यानं बोलायचे, वस्तीला ऐकू जाईल असं: "माझा पोरगा या अंगणात रांगणार आहे. त्याला सपाट जागा पाहिजे."

हे सगळं त्याला माहीत होतं. विसरला होता असंही नाही. ही त्याची आवडती आठवण होती. बायकोला त्यानं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितली होती, गाडीच्या आवाजासकट. फक्त ती आठवण एका कप्प्यात होती आणि शिसं दुसऱ्या कप्प्यात, आणि मधलं दार त्यानं कधी उघडलं नव्हतं. आता ते उघडलं. कारखान्याची जमीन स्वच्छ का निघाली हेही आता कळलं. तिथली घाण होती कुठं? ती लोकांनी एकेक गाडी करून घरी नेली होती, कारखान्याला दुवा देत.

मोठ्या साहेबांना त्यानं फोन केला तेव्हा ते दुसऱ्या कुठल्यातरी बैठकीतून बाहेर आलेले होते आणि चालता चालता बोलत होते. "अहो, एवढं काय त्यात," ते म्हणाले. "तुलनेचा नमुना बाद करा. दुसरा घ्या. नियमात बसतं ते, तुम्हालाच माहितीये." त्याला माहीत होतं. "आज जाऊन घ्या. मंगळवारी अहवाल गेला पाहिजे, नगरपालिका डोळे लावून बसलीय. चारशे माणसांना काम मिळणार आहे तिथं." त्यानं विचारलं, "आणि ती जुनी जागा? जिथली माती अशी निघाली?" साहेब थांबले असावेत, पावलांचा आवाज बंद झाला. "ती आपल्या हद्दीत येते का?" "नाही." "आपल्याला कुणी विचारलंय का?" "नाही." "मग? झाकली मूठ सव्वा लाखाची. अख्ख्या गावाची झोप उडवून काय मिळणार आहे तुम्हाला?" मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "तुमचंच गाव ना ते? म्हणून तर हे काम तुम्हाला दिलं." साहेब वाईट माणूस नव्हते, हीच पंचाईत. ते जे म्हणाले ते कागदावर अक्षर न् अक्षर बरोबर होतं.

गाडी चालवताना त्यानं रेडिओ लावला, बंद केला, पुन्हा लावला. जिभेवर एक गोडसर धातूची चव आल्यासारखं वाटत होतं, आणि तो स्वतःला समजावत होता की ही चव खोटी आहे, इतक्या वर्षांनी चव येत नसते. लहान मुलांच्या डोक्यावर शिशाचा काय परिणाम होतो यावर तो दरवर्षी एक भाषण द्यायचा, चित्रांसकट. मोठ्या माणसाच्या अंगात गेलेलं बरंचसं बाहेर पडतं. रांगत्या मुलाच्या अंगात ते राहतं, कारण रांगतं मूल हात तोंडात घालतं, दिवसातून शंभर वेळा घालतं, आणि त्याचं डोकं त्या वेळी वाढत असतं. दिसत काहीच नाही. ताप नाही, पुरळ नाही. मूल हसतं, खेळतं, फक्त पुढे शाळेत त्याच्या लक्षात राहत नाही. हे वाक्य तो अगदी याच शब्दांत म्हणायचा, आणि ऐकणारे वहीत लिहून घ्यायचे. त्या वाक्यानंतर तो पाण्याचा घोट घ्यायचा. इतकी वर्षं तो घोट घेत होता आणि त्याला एकदाही स्वतःच्या भावाची आठवण झाली नव्हती.

भावाला घरात बारक्या म्हणत. बारक्याला सातचा पाढा यायचा नाही. संध्याकाळी यायचा, म्हणजे दोघं पायरीवर बसून तासभर घोकायचे आणि शेवटी बारक्या धडाधडा म्हणून दाखवायचा, टाळी मागायचा. आणि सकाळी सगळं पुसलेलं. सात दुणे विचारलं की तो आकाशात बघायचा. बाबांचा हात मग उठायचा. बाबा तसे मारकुटे नव्हते, पण त्यांना वाटायचं की हा मुद्दाम करतो, मोठा इतका हुशार आणि हा असा कसा, एकाच आईची पोरं ना? मास्तर म्हणायचे, पालथ्या घड्यावर पाणी. आणि 'मठ्ठ' हा शब्द बारक्याला पहिल्यांदा कुणी लावला, तर तो ना मास्तरांनी ना बाबांनी. तो मोठ्या भावानं, त्यानंच लावला. पंधरा वर्षांचा असताना, पाढा चौथ्यांदा विसरल्यावर, पायरीवरून उठताना. बारक्या तेव्हा हसला होता, शब्द आवडल्यासारखा. मग तो शब्द वस्तीत गेला आणि शाळेत गेला आणि बारक्याच्या नावाला जो चिकटला तो चिकटलाच. स्वतःच्या हुशारीचं त्याला नेहमी जरा नवल वाटायचं; देवानं दिली म्हणावं तर देवावर विश्वास नव्हता. मेहनत म्हणायचा तो. आता रस्त्यावर डोळे ठेवून तो हिशेब करत होता: रेती आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, शाळेत जात होतो, हात धूत होतो. रांगलो त्याआधीच, चिखलात. माझ्या नशिबी साधा चिखल आला. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि थोडा वेळ काच खाली करून बसला.

गावात शिरताना पहिलं दुकान बंद, दुसरं बंद, तिसऱ्यात एक माणूस खुर्चीवर डुलक्या घेत. बस आता दिवसातून दोनदाच यायची. कारखान्याच्या कुंपणावर मात्र नवा कोरा फलक होता: भव्य गोदाम, शीतगृह, मुलाखती लवकरच. फलकावर हसणारी माणसं टोप्या घालून उभी होती आणि त्यातलं एकही या गावचं नव्हतं. ओळखीचा एक म्हातारा, बाबांच्या भट्टीवर काम केलेला, रस्ता ओलांडताना थांबला आणि त्यानं खिडकीतून डोकं आत घातलं. "काय साहेब, पास करताय ना आमची जमीन? नातू घरी बसलाय माझा." तो म्हणाला, "बघू." म्हातारा हसला. "बघू काय? तू आपला माणूस." आणि गाडीच्या टपावर दोन थापा मारून तो निघून गेला. त्या थापा त्याला डोक्यावर बसल्यासारख्या वाटल्या. याचंही अंगण असेल. याचाही नातू त्यात रांगला असेल. वस्तीत एकशे दहा घरं होती, आणि जाता जाता तो घरांपुढच्या जागा बघत गेला. कुठं फरशी घातलेली, कुठं गवत, कुठं मुलांची सायकल आडवी पडलेली. कालपर्यंत ही घरं होती, आज त्याला ती चौकटींत दिसत होती.

आई अंगणात होती, पाटावर बसून पालेभाजी खुडत होती. आणि तिच्यापासून हातभर अंतरावर मातीत फतकल मारून बसली होती बारक्याची मुलगी. दीड वर्षाची. तिला सगळे मुंगी म्हणायचे, कारण जमिनीवर सापडेल ते ती उचलायची आणि बघायच्या आधी तोंडात टाकायची. आत्ताही तिचे ओठ मातीनं माखलेले होते आणि काका दिसल्याबरोबर ती सगळे इवलेसे दात दाखवून हसली. त्यानं तिला उचललं ते फार जोरात उचललं. नळाशी नेऊन तो तिचे हात धुवायला लागला, नखं, बोटांच्या बेचक्या, तोंड, पुन्हा हात. पोर रडायला लागली तरी त्याचं थांबेना. "अरे, सोलून काढतोस का तिला!" आई ओरडली. "माती खाऊन कुणी मरत नाही. तुम्ही दोघं माती खाऊनच मोठे झालात." दोघं नाही, त्याच्या मनात आलं. आईनं मुंगीला त्याच्या हातून घेतलं, पदरानं पुसलं आणि होती तिथं, मातीत, पुन्हा खाली ठेवलं. तो बघत राहिला. त्याला वाटलं आता तोंडातून शब्द निघेल, आणि निघाला तो वेगळाच: "तिला आत ने ना. ऊन आहे." आईनं आभाळाकडे पाहिलं. आभाळ भरून आलेलं होतं. "तुझी तब्येत बरी आहे ना?" तिनं विचारलं, पण उठली आणि नातीला काखोटीला मारून आत पाळण्यात ठेवून आली.

"आई, बाबांनी इथं काळी रेती टाकली होती ना?" त्यानं विचारलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, आणि आईचा चेहरा असा उजळला की त्याला खाली बघावं लागलं. "तर! बावीस गाड्या. बाकीच्यांनी दहा आणल्या, बारा आणल्या आणि बसले. तुझ्या बाबांनी बावीस. एकट्यानं. पाठ धरली होती त्यांची, रात्री लेप लावावा लागायचा. पण म्हणायचे, पोर येणार आहे, त्याच्या अंगणात पाणी साचता कामा नये. मग वरून लाल माती घातली, मग मी भाजी लावली. तुला सांगते, या वस्तीत अशी जागा नाही कुणाची." ती हातानं माती थोपटत होती. नवऱ्यानं तिला फारसं काही दिलं नव्हतं. तो वारल्यापासून तिच्या बोलण्यात जे जे यायचं त्यात हे अंगण सगळ्यात वर असायचं. "का रे?" तिनं विचारलं. "काही नाही," तो म्हणाला. खणायची खुरपी आणि नवी पिशवी गाडीत होती. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी जायचं, खड्डा खणायचा, लेबल लावायचं, परत फिरायचं. पंधरा मिनिटांचं काम. मग अहवालही खोटा नाही. आणि मुंगीचं काय, तर तिचं हळूहळू काहीतरी करता येईल, अंगणात फरशी घालून देऊ म्हणता येईल, वाढदिवसाची भेट म्हणून. बाकी एकशे नऊ घरांना फरशी कोण घालून देणार हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला आणि उत्तर द्यायचं टाळून पाणी मागितलं.

तेवढ्यात बारक्या आला. तो बाजारात ट्रकमधला माल उतरवायचा, काम असेल त्या दिवशी. अंगानं दादापेक्षा दुप्पट, चालणं संथ, आणि चेहऱ्यावर कायम एक असा भाव की आपलं काही चुकत तर नाहीये ना. दादाला बघून तो मोकळा हसला आणि हसता हसताच त्यानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. "बरं झालं आलास. भरून दे. गोदामाचा आहे." नोकरीचा फॉर्म. बारक्याचे सगळे फॉर्म दादाच भरायचा, लग्नाचासुद्धा त्यानंच भरला होता. दोघं पायरीवर बसले. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. शिक्षणाच्या रकान्याशी पेन थांबलं. "सातवी नापास लिही," बारक्या म्हणाला, "पहारेकऱ्याला चालतं म्हणाले. आणि दादा, आपली जमीन पास झाली ना? मी सगळ्यांना सांगितलंय, माझा भाऊ तपासतोय म्हणून." आई आत नातीला झोका देत होती, पाळण्याची कडी करकरत होती. त्यानं 'सातवी' लिहिलं. पुढचा शब्द न लिहिताच त्यानं पेन पायरीवर ठेवलं आणि बारक्यानं त्याच्याकडे पाहिलं. "काय झालं?"

मग त्यानं सांगितलं. सांगताना तो अंगणाकडे बघत होता आणि आवाज खाली ठेवत होता, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. एक्केचाळिसावी पिशवी, सातपट, रेती, एकशे दहा घरं, साहेब काय म्हणाले ते. मध्येच त्याच्या लक्षात आलं की आपण भाषणातले शब्द वापरतोय, म्हणून तो थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून साधं सांगितलं. बारक्यानं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. तो नेहमी असंच ऐकायचा, आणि लोकांना वाटायचं की त्याला कळत नाहीये. "मुंगीला काय झालंय?" हा त्याचा पहिला प्रश्न. "ठाऊक नाही. रक्त तपासावं लागेल. लवकर कळलं तर बरं असतं." "आणि अंगण?" "माती काढून नेता येते. दुसरी घालता येते. सरकारनं करायचं काम आहे ते, करतात. पण त्यासाठी कुणीतरी लिहावं लागतं. सगळ्या वस्तीचं लिहावं लागेल, एका घराचं लिहून भागत नाही." "लिहिलंस तर गोदाम?" "लांबेल. कदाचित येणारही नाही. ज्यांची माती अशी त्यांच्या गावात कोण येणार." बारक्यानं फॉर्मकडे पाहिलं. दादाचा अंगठा कागदावर होता आणि कागद तिथं ओला झाला होता. "घरं विकली जाणार नाहीत," तो म्हणाला. "नाही." "लोक तुला शिव्या घालतील." "हो." "आणि बाबांनाही." हे दादाला सुचलं नव्हतं. बाबांनी पहिली गाडी आणली होती, बाकीच्यांनी त्यांचं बघून आणल्या, हे वस्तीत सगळ्यांना पाठ होतं.

दादाला वाटलं, बारक्या मुंगीचाच विचार करतोय, आणि करतही असावा. मग बारक्या म्हणाला, "दादा, ही रेती कधी टाकली?" त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. ज्या प्रश्नाला दादा दुपारपासून भीत होता तो हाच, आणि तो त्याला इतक्या लवकर विचारला जाईल असं वाटलं नव्हतं, कारण मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात त्याचा अजूनही भरवसा होता की बारक्याला सुचणार नाही. या भरवशाची त्याला तिथल्या तिथं लाज वाटली. "तू व्हायच्या आधी," तो म्हणाला. "म्हणजे मी रांगलो तो हिच्यावर." "हो." "तू नाही." "मी नाही." बारक्यानं मान हलवली. एखादा मोठा खोका कुठून धरायचा ते बघावं तसा तो बघत होता. "म्हणजे ते पाढे," तो म्हणाला. "सकाळी जायचे ते."

"ते तसं ठरवता येत नाही," तो घाईनं म्हणाला. "बारक्या, ऐक. एका माणसाबद्दल कधीच सांगता येत नाही. शंभर मुलं घेतली तर सांगता येतं, की इतक्यांना इतका त्रास झाला. एकट्याचं सिद्ध होत नाही. तुझं रक्त तेव्हा कुणी तपासलं नव्हतं, आता तपासून काही कळणार नाही." हे सगळं खरं होतं. यातल्या प्रत्येक वाक्यावर तो डोळे मिटून सही करू शकला असता. बारक्या ऐकून घेत होता आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला. तो चिडला नव्हता. चिडलेला बारक्या दादानं कधी पाहिलाच नव्हता, आणि हे त्याहून वाईट होतं. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"मला मठ्ठ ठरवताना कुणी रक्त तपासलं होतं?" तो म्हणाला.

पाळण्याची कडी थांबली होती. दादा रडायला लागला, पायरीवर, उघड्यावर, रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं मान वळवून पाहिलं तरी. बारक्यानं त्याला रडू दिलं. मग म्हणाला, "सिद्ध नको करूस. अहवालात नको लिहूस. अहवालात वस्तीचं लिही, मुंगीचं लिही, अंगणाचा पत्ता घालून लिही. मला तोंडी सांग." "काय सांगू?" "तुला माहितीये काय ते."

"तू मठ्ठ नव्हतास," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"तू मठ्ठ नव्हतास, बारक्या. नव्हतास. मी म्हणालो ते चुकीचं होतं." तो हे इतक्या मोठ्यानं म्हणाला की त्याचा आवाज फुटला. बारक्यानं डोळे पुसले, फॉर्म त्याच्या हातातून काढून घेतला आणि नीट चार घड्या घालून परत खिशात ठेवला. आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली. "काय झालं रे?" तिनं मोठ्याकडे बघत विचारलं, कारण घरात काही सांगायचं असलं की ते तोच सांगायचा. त्यानं तोंड उघडलं, पण बारक्यानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आईला म्हणाला, "इथं माझ्यापाशी बस. मी सांगतो."